युवा संवर्धन दल

नैसर्गिक परिसराची डागडुजी, देखभाल आणि निरीक्षण ही कामे ठरावीक मुदतीसाठी, प्रशिक्षण घेत व बहुधा अल्प मानधनावर करणारी तरुणांची तुकडी. वय साधारणपणे १५ ते २५. एका दिवसाच्या श्रमदानाहून ती वेगळी ठरते ती मुदतीमुळे. तीच माणसे त्याच जागी काही आठवडे वा महिने राबतात, म्हणून आपण खणलेला चर पहिल्या पावसात टिकला की वाहून गेला हे त्यांना स्वतः पाहता येते. पर्यावरण शिक्षणाचा खरा धडा तिथे मिळतो.

या कल्पनेला मोठे रूप आले ते अमेरिकेत, महामंदीच्या काळात. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर ही योजना सुरू केली. बेरोजगार, अविवाहित तरुणांना महिना ३० डॉलर मिळत आणि त्यांतले बहुतेक पैसे थेट घरी पाठवले जात. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण या योजनेतून गेले. तिचा मूळ हेतू रोजगाराचा होता. विद्यार्थ्यांसाठीची स्टुडंट कन्झर्व्हेशन असोसिएशन १९५७ मध्ये आली, तर १५ ते १८ वयाच्या मुलांसाठीची शासकीय योजना १९७० मध्ये. कॅलिफोर्नियाने १९७६ साली काढलेल्या दलाने ‘कष्टाचे काम, कमी पगार, हालाखीची परिस्थिती, आणि बरेच काही’ अशा अर्थाचे ब्रीद घेतले. भरतीची इतकी प्रामाणिक जाहिरात विरळाच. भारतात राष्ट्रीय सेवा योजनेच्या (१९६९) स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करणे अपेक्षित असते, पण पर्यावरण हा तिच्या अनेक विषयांपैकी एक आहे.

जॉर्जियातील तिबिलिसी येथील १९७७ च्या आंतरशासकीय परिषदेने पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टे मांडली : जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. बहुतेक शिबिरे पहिल्या दोन उद्दिष्टांपाशीच थांबतात. उरलेली तीन कुदळ हातात घेतल्याशिवाय येत नाहीत.

तुकडी ८ ते १० जणांची आणि तिचे प्रमुख दोन असावेत. एकाने कामाकडे बघायचे, दुसऱ्याने माणसांकडे : पाणी, विश्रांती, प्रथमोपचार. टिकाव चालवणाऱ्या दोघांत सुमारे ३ मीटर अंतर ठेवतात. अवजार खांद्यावर न टाकता हातात, उताराच्या बाजूला धरून नेतात, म्हणजे पाय घसरला तर ते अंगावर न येता बाहेर टाकता येते. जास्त इजा पहिल्या दिवशी होतात असा समज असतो, पण घात करतो तो सरावल्याचा भास आणि दुपारनंतरचा थकवा.

पायवाट बांधताना तिचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा हा ढोबळ नियम. तो मोडला की पाणी उतार सोडून वाटेवरूनच धावते आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत आणि वाटेचा पृष्ठभाग बाहेरच्या, म्हणजे उताराच्या बाजूला सुमारे ५ टक्के कललेला असावा. नवख्या तुकड्या पाणी अडवायला दगड रचतात. पाणी अडवायचे नसते, वाटेबाहेर काढून द्यायचे असते.

घाणेरीसारखे आक्रमक झुडूप नुसते छाटले तर दुप्पट जोमाने फुटते. खोड आणि मूळ जुळतात त्या भागाच्या खाली, जमिनीत काही सेंटीमीटरवर, मूळ तोडावे लागते. उपटलेले झुडूप मुळे वर करून वाळवतात, नाहीतर ते पुन्हा रुजते. पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांखाली पुढची दोन-तीन वर्षे रोपे उगवत राहतात. ती वेचायला कुणी नसेल तर सफाईला हातच घालू नये.

वृक्षारोपणात ठरलेल्या चुका असतात. प्लास्टिकची पिशवी न काढणे, गोल वळलेली मुळे न सोडवणे, रोप खोल पुरणे, पालापाचोळ्याचे आच्छादन थेट खोडाला भिडवणे. शेवटच्या चुकीने साल कुजते. रोपाची मूळसंधी (खोड आणि मूळ जुळतात तो भाग) जमिनीच्या पातळीला यायला हवी.

ओढ्याची तपासणी शिकवायला पांढरी थाळी आणि बारीक जाळी पुरते. जाळीच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, तळ पायाने ढवळून वाहून आलेले कीटक थाळीत काढायचे. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या विपुल असतील तर पाणी चांगले. केवळ लाल अळ्या असतील तर प्राणवायू कमी. रासायनिक चाचणी त्या क्षणाचे सांगते, कीटक मागच्या काही आठवड्यांचे. प्राणवायू मोजताना तापमानही लिहावे : १० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्रतिलिटर विरघळतो, ३० अंशांना फक्त साडेसात.

स्थानिकांशी बोलणे कामाआधी व्हावे, उद्‌घाटनाला नव्हे. कुंपणाने गुरांची वाट बंद झाली तर कुंपण मोडणारच. तो खोडसाळपणा नसून आराखड्यातला दोष असतो. दल जाताना जागेचा नकाशा, ठरावीक ठिकाणांवरून काढलेली छायाचित्रे आणि काही अवजारे तिथल्या गटाकडे सोपवते. जगलेल्या रोपांची मोजणी पावसाळा संपल्यावर आणि पुन्हा पहिला उन्हाळा उलटल्यावर करतात. पावसाळ्याअखेरीचा आकडा जवळजवळ नेहमीच फसवा असतो. मेलेल्या प्रत्येक रोपापुढे कारण लिहावे : चरले, वाळले, कुजले की उपटले. पुढच्या तुकडीला कुठे खणायचे हे त्या नोंदीवरूनच ठरते.