पार्श्वभूमी : नाक्याच्या अल्याड-पल्याडची प्रेमकथा

दोनच पात्रं, एक भाड्याचा फ्लॅट आणि बाकी सगळं व्हिडिओ कॉलवर. लॉकडाऊनमधल्या कमी खर्चाच्या प्रेमविनोदी वेब मालिकांचा हा साचा आता इतका ओळखीचा झालाय की तो कुणा लेखकाला सुचला असावा असं वाटतं. खरं तर तो सरकारी आदेशांनी घडवला. आणि आपल्याकडे, निपाणी-बेळगावच्या सीमाभागात, आदेश दोन राज्यांचे होते, कर्नाटकाचे आणि महाराष्ट्राचे.

आधीचं थोडक्यात. 2016 च्या सप्टेंबरात मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि त्याच सुमारास मराठी वेब मालिका यूट्यूबवर दिसू लागल्या. पुण्या-मुंबईचा विनोद शहरी होता. साताऱ्याकडच्या खेड्यात चित्रित झालेल्या गोष्टी निपाणी-खानापूरच्या पोरांना जास्त जवळच्या वाटल्या, कारण त्यातली एसटी, पारावरची टोळकी आणि लपूनछपून चाललेलं प्रेम आपल्याच गावातलं होतं.

19 मार्च 2020 पासून चित्रीकरण थांबलं. कलाकार घरी, हातात फोन. एका मराठी वाहिनीने कलाकारांच्या घरूनच शूट केलेली मालिका दाखवली, तेव्हा हे जमतं हे सगळ्यांना कळलं. कर्नाटकाने मे महिन्यात बंद जागेतल्या मालिका-चित्रीकरणाला मुभा दिली. महाराष्ट्राची नियमावली 31 मे रोजी आली. 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई होती, म्हणून गोष्टींतले आजी-आजोबा गायब झाले. 7 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली.

सीमाभागापुरता मोठा प्रश्न मात्र कागल आणि निपाणीच्या मधल्या, दोन राज्यांच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याचा.

18 मे 2020 रोजी कर्नाटकाने महाराष्ट्र, गुजरात, केरळ आणि तमिळनाडूतून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश बंद केला. पुढे कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधु पोर्टलवर नोंदणी करून येता येऊ लागलं, पण महाराष्ट्रातून आलेल्याला सात दिवस संस्थात्मक आणि नंतर सात दिवस घरी विलगीकरण. 24 ऑगस्टला ही सक्ती संपली. रुग्णांचे आकडे महाराष्ट्रात जास्त होते, तेव्हा निर्णय अगदीच निराधार नव्हता. पण तो बेंगळुरूत ठरला, आणि तिथून कागल-निपाणीतलं अंतर दिसत नाही. निपाणीहून कोल्हापूर साधारण 40 किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. लाईट, लेन्स, माईक भाड्याने आणायचे ते कोल्हापुरातून. आवाजाचं काम तिथेच. दूधगंगेच्या पुलापलीकडे, महाराष्ट्रात राहणारा नायक अर्ध्या तासात पोचायचा, त्याला आता चौदा दिवस लागणार होते. मग त्याने पलीकडूनच फोनवर आपली बाजू शूट करून पाठवायची, एवढाच मार्ग उरत होता. बेळगावजवळच्या हद्दीवर शिनोळीच्या बाजूला, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्यांचंही तेच. प्रेमी एकमेकांना भेटत का नाहीत, याचं कारण पटकथेत शोधायची गरज नव्हती.

दुसऱ्या फेरीत हिशोब पैशांचा झाला. फेब्रुवारी 2021 पासून महाराष्ट्रातून येताना 72 तासांच्या आतला आरटी-पीसीआर निगेटिव्ह अहवाल लागू लागला. महाराष्ट्रात एप्रिलपासून या चाचणीचा खासगी दर 500 रुपयांवर आला होता. पाच जणांच्या युनिटला एका खेपेचे अडीच हजार, आणि शूट लांबलं की पुन्हा. ज्यांचं सगळं बजेट मित्रांच्या खिशातून येतं त्यांना हे परवडणारं नव्हतं. मोठ्या वाहिन्यांनी त्या एप्रिलमध्ये युनिटं गोव्याला हलवली. मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या काढून घेतल्या. त्यांच्याकडे निदान पुढचं ठिकाण शोधायला पैसे होते.

कर्नाटकाच्या 31 जुलै 2021 च्या परिपत्रकाने तर लस घेतलेल्यांनाही अहवाल सक्तीचा केला. दोन्ही डोस घेऊन नाक्यावर अडलेल्यांचा राग समजण्यासारखा होता. शेतमाल घेऊन जाणाऱ्यांची आणि रोज पलीकडे कामाला जाणाऱ्यांची अडचण अर्थातच मोठी. मालिकावाल्यांचं रडगाणं त्यांच्या मागे.

दरम्यान 29 जून 2020 ला टिकटॉकसकट चिनी ॲपवर बंदी आली आणि 8 जुलैला इन्स्टाग्रामची रील आली. नाके उघडले तोवर दहा मिनिटांच्या भागाचा प्रेक्षक तिकडे वळला होता. आज बेळगावच्या बोलीतला नवरा-बायकोचा विनोद बहुतेक एका मिनिटात आटोपतो, आणि तो शूट करायला पूल ओलांडावा लागत नाही.