धोरणाभिमुख संशोधन-मांडणी (बेळगाव सीमाभाग)

शिक्षण, पोषण, रोजगार, स्थलांतर अशा विषयांवरचे संशोधन परिषदेत किंवा चर्चासत्रात अशा रीतीने मांडणे, की त्यावरून प्रशासनाला निर्णय घेता यावा. नुसत्या निबंध-वाचनात पुरावा आणि निष्कर्ष पुरतात. इथे पुराव्याची मर्यादा, नेमकी मागणी आणि ती कोणत्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत येते, हेही सांगावे लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातील अभ्यासकांना जवळची व्यासपीठे म्हणजे राणी चन्नम्मा विद्यापीठ (स्थापना 2010), स्थानिक महाविद्यालये आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ (स्थापना 1962).

आकड्याची पातळी. निर्णय ज्या पातळीवर होतो त्याच पातळीचा आकडा हवा. सीमाभागातले निबंध घसरतात ते इथेच. 2011 च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 47,79,661 आहे आणि त्यात मराठी मातृभाषकांचे प्रमाण एक-पंचमांशाहून थोडे कमी. मराठी माध्यमाचा वर्ग टिकवण्याच्या मागणीला हा टक्का उपयोगी पडत नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा 1949 पासूनचा निकष वर्गात 10 किंवा शाळेत 40 विद्यार्थी असा आहे. म्हणजे लागते ती शाळावार, इयत्तावार पटसंख्या, आणि ती यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-संचात शोधायची. शिवाय महसुली जिल्हा एक असला तरी शैक्षणिक जिल्हे दोन आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी. निपाणीच्या शाळांची मागणी बेळगावच्या डीडीपीआयसमोर (शैक्षणिक जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) मांडली, तर पत्ताच चुकला.

तालुक्यांचीही गफलत होते. 2011 मध्ये जिल्ह्यात दहा तालुके होते. निपाणी (चिक्कोडीतून), कागवाड (अथणीतून), मुडलगी (गोकाकमधून) हे तालुके नंतर झाले, त्यामुळे त्या जनगणनेत ‘निपाणी तालुका’ अशी ओळच सापडत नाही. गावांच्या बेरजेने लोकसंख्या आणि साक्षरता काढता येते. पण गाववार प्राथमिक सारणीत मातृभाषा नसते. म्हणून निपाणी तालुक्याचा भाषिक टक्का सांगणाऱ्याने तो कुठून आणला हे आधी विचारावे.

नमुना. 95 टक्के विश्वासपातळी आणि ±5 टक्के चूक-मर्यादा धरली तर साध्या यादृच्छिक नमुन्यात 384 कुटुंबे लागतात. प्रत्यक्षात गावे निवडून त्यांतली कुटुंबे घेतली जातात, म्हणून संकल्पन-परिणाम (गटाने निवड केल्यामुळे नमुना किती पट वाढवायचा तो गुणक) 2 धरून 768, आणि दहा टक्के कुटुंबे भेटणार नाहीत असे गृहीत धरून सुमारे 850. हेच 384 दहा तालुक्यांत वाटले की प्रत्येकी 38 उरतात आणि चूक-मर्यादा ±16 टक्क्यांवर जाते. अशा सारणीवरून ‘खानापूर मागे, हुक्केरी पुढे’ म्हणणे धाडसाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (2019–21) प्रकाशित तथ्यपत्रकांतही आकडे जिल्ह्यापर्यंतच आहेत, आणि ग्रामीण नमुना-ठिकाणांचे स्थानबिंदू गोपनीयतेसाठी 5 किलोमीटरपर्यंत (थोडे 10 पर्यंत) मुद्दाम सरकवलेले असतात. ते नकाशावर टाकून गावाचे नाव घेऊ नये.

ऊसतोड मजुरांबाबत वेगळीच अडचण. मुकादमाच्या (मजुरांची टोळी आणणाऱ्याच्या) हिशेबात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. ही संख्या माणसे म्हणून वाचली तर मजूर निम्मे होतात, आणि सोबतची मुले तर हिशेबात येतच नाहीत. शाळाबाह्य मुलांचा निबंध याच आकड्यावर उभा असेल तर तो पायापासून चुकतो. पाहणी मे महिन्यात केली तर गाळप संपलेले असते आणि मजुरांचा तळ उठलेला. दिवाळीनंतर, फडावर (तोडणीच्या शेतात) आणि कारखान्याच्या तळावर अशी दोन्हीकडे मोजणी लागते.

मांडणी. बहुतेक सत्रांत 12 ते 15 मिनिटे मिळतात, प्रश्नांना पाच. आठ-नऊ स्लाइड पुरे, अक्षर 24 पॉइंटच्या खाली नको. पहिल्याच स्लाइडवर मागणी असावी: कोणी, काय, कधीपर्यंत करायचे. पद्धतीला दोन मिनिटे. टक्क्यासोबत छेद, म्हणजे ‘212 पैकी 61’, लिहावाच. पाचाहून कमी कुटुंबांचा रकाना झाकावा; छोट्या वाडीत जात, व्यवसाय आणि वय एकत्र आले की घर ओळखू येते.

मातृभाषेची सारणी सुरुवातीला ठेवू नये. ती दिसताच सभागृह सीमावादावरील 1967 च्या महाजन आयोग-अहवालाकडे किंवा त्याच वादाच्या 2004 पासूनच्या सर्वोच्च न्यायालयातील दाव्याकडे वळते आणि अंगणवाडीसारखा मूळ विषय मागे पडतो. प्रश्न आलाच तर ‘हा निबंध सेवेच्या उपलब्धतेपुरता आहे’ एवढे सांगून पुढे जावे.

नंतरचे काम. कर्नाटक राज्याचा अर्थसंकल्प सहसा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि बेळगावच्या सुवर्णसौधातले (विधिमंडळाच्या इमारतीतले) हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात भरते. त्याआधीच्या परिषदेत वाचलेला निबंध कामी येण्याची शक्यता अधिक. वाचनानंतर दोन पानी सारांश करावा: कार्यालयासाठी कन्नडमध्ये, गावासाठी मराठीत. त्यात पाहणीची तारीख, नमुना आणि मर्यादा पहिल्या पानावर. जिल्हा पंचायत किंवा संबंधित खात्याच्या टपाल विभागात तो देऊन आवक क्रमांक घ्यावा. पुढच्या पत्रात तोच नमूद करावा लागतो.