कापलेल्या पायातून आलेला गुडघा

हाडाच्या कर्करोगाची गाठ काढल्यावर गुडघ्यापाशी उरलेली जागा दुसऱ्या माणसाच्या हाडाने भरायची, ही कल्पना केमोथेरपीपेक्षा, किंबहुना पेनिसिलिनपेक्षाही जुनी आहे. ग्लासगोत विल्यम मॅकइवेन यांनी १८८० मध्ये एका लहान मुलाच्या दंडाचं हाड इतर मुलांच्या नडगीच्या तुकड्यांनी उभं केलं होतं. एरिक लेक्सर या जर्मन शल्यविशारदाने पुढची मजल मारली. नुकत्याच कापलेल्या पायांतून किंवा मृतदेहांतून अख्खा गुडघा काढून तो दुसऱ्याला बसवल्याचे अनुभव त्याने १९०८ मध्ये छापले. १९२५ च्या आढाव्यात त्याने सुमारे निम्म्या रुग्णांत यश सांगितलं. निर्जंतुकीकरणाची तेव्हाची अवस्था पाहता हा आकडा आजही चकित करतो.

तरीही हे तंत्र पुढची अनेक दशकं मागे पडलं. हाड साठवायचं कसं, हा एक प्रश्न होता. अमेरिकी नौदलाने १९४९ मध्ये बेथेस्डा इथे ऊतीपेढी (टिश्यू बँक) काढली आणि गोठवून साठवण्याची शिस्त आली. गोठवल्याने हाडातल्या पेशी मरतात आणि शरीराचा विरोधही कमी होतो, त्यामुळे मूत्रपिंड बदललेल्या रुग्णासारखी जन्मभर औषधं लागत नाहीत.

खरी अडचण वेगळीच होती. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग बहुधा वाढीच्या वयातल्या मुलांना होतो, तोही मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला किंवा नडगीच्या वरच्या टोकाला, म्हणजे जिथे वाढ सर्वांत वेगाने होते तिथे. पाय कापूनही पाचांतली जवळपास चार मुलं फुप्फुसात पसरलेल्या रोगाने दगावत. जगण्याचीच शाश्वती नाही, तिथे गुडघा वाचवायचा विचार कोण करणार? १९७० च्या दशकात मेथोट्रेक्झेट आणि ॲड्रियामायसिन ही केमोथेरपीची औषधं आली, मुलं जगू लागली, आणि मग त्यांच्या पायाचा प्रश्न उभा राहिला.

तोवर ब्युनोस आयर्समध्ये कार्लोस ओटोलेंघी आणि ह्यूस्टनमध्ये फ्रँक पॅरिश यांनी मोठी हाडं बसवायला सुरुवात केली होती. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हेन्री मँकिन यांनी १९७१ पासून हे काम चिकाटीने केलं. १९९६ मध्ये त्यांनी ७१८ प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला: सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचं बरं चाललं होतं. त्यांनी धोक्यांचं वेळापत्रकही दिलं. पहिल्या वर्षी जंतुसंसर्ग, तिसऱ्या वर्षापर्यंत हाड मोडण्याची भीती, आणि त्यातून तरलं तर बराच काळ स्थैर्य. हाडाच्या टोकावरची गुळगुळीत कूर्चा मात्र पुढे झिजते आणि काहींना शेवटी कृत्रिम सांधा बसवावाच लागतो.

याचं मूळ एकाच गोष्टीत आहे. दात्याचं हाड पूर्ण जिवंत कधीच होत नाही. दात्याचं आणि रुग्णाचं हाड जुळतं त्या जोडापाशी आणि वरच्या पातळ थरात रुग्णाच्या पेशी शिरतात, आतला भाग वर्षानुवर्षं मृतच राहतो. त्यात ज्या केमोने मुलाचा जीव वाचवला, तीच ही जुळणी लांबवते.

म्हणून धातूचा मोठा सांधा पुढे सरसावला. तो बसवल्यावर रुग्ण लवकर पायावर भार देऊ शकतो. नडगीच्या वरच्या टोकाला मात्र दात्याच्या हाडाची बाजू अजून भक्कम आहे. वाटीखालचा स्नायुबंध तिथे जोडलेला असतो आणि त्याच्याविना गुडघा सरळ करता येत नाही. दात्याच्या हाडाबरोबर त्याचा बंधही येतो, त्याला रुग्णाचा बंध शिवता येतो. धातूला तो नीट धरत नाही. यातूनच धातूचा सांधा आणि त्याभोवती दात्याचं हाड, अशी मिश्र पद्धत निघाली.

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ मध्ये ऊतीपेढी सुरू झाली. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड तिथून मिळू लागलं. किरणांची मात्रा वाढली की हाड ठिसूळ होतं, ही त्यातली मेख. आणि अख्खा गुडघा द्यायचा तर मृत दाता हवा, त्याचं माप रुग्णाशी जुळायला हवं, म्हणजे पेढीत साठाही मोठा हवा. आपल्याकडे खुब्याच्या शस्त्रक्रियेत निघालेली हाडाची डोकी त्या मानाने सहज मिळतात, पण त्यांचा चुरा खळगा भरण्यापुरताच. नेत्रदानाबद्दल घरोघरी माहिती आहे, हाडांच्या दानाचं नाव काढलं की कुटुंब बिचकतं. मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यातही ऊतींचा स्पष्ट समावेश २०११ च्या दुरुस्तीनेच झाला.

या टंचाईवर आशियातल्या शल्यविशारदांनी काढलेला तोडगा धाडसी आहे. रुग्णाचंच गाठ असलेलं हाड कापून बाहेर काढायचं, मोठ्या मात्रेच्या किरणांनी किंवा द्रवरूप नायट्रोजनने कर्करोगाच्या पेशी मारायच्या आणि तेच हाड पुन्हा जागेवर बसवायचं. माप तंतोतंत जुळतं, दाता शोधावा लागत नाही. मात्र गाठीने हाड फार पोखरलं असेल तर हा मार्ग बंद होतो.