पार्श्वभूमी : कपाटात राहणाऱ्या लेन्स

हौशी छायाचित्रकारांत ‘गॅस’, म्हणजे ‘गिअर अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम’, हा शब्द आता रुळला आहे. तो मूळचा गिटारवाल्यांचा. त्यातला ‘जी’ आधी गिटारचा होता, पुढे ‘गिअर’चा झाला. शेवटच्या ‘सिंड्रोम’मुळे आजार वाटतो, पण वैद्यकात असा रोग नाही. फोटो काढण्यापेक्षा लेन्स जमवण्याची ओढ, एवढाच अर्थ. आणि तिला नुसती हाव म्हणणे अन्यायाचे आहे.

भारतात 1991पूर्वी आयातीवरचे निर्बंध आणि जकात यांमुळे चांगला कॅमेरा बहुधा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून यायचा. एक बॉडी, एक 50 मिमी लेन्स, त्यावरच वर्षानुवर्षे काम.

खरे वळण 1987चे. कॅनन या मोठ्या जपानी कंपनीने आपला एफडी माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला बसवण्याची जोडणी, सोडून ईएफ आणला. फोकसची मोटर लेन्समध्ये गेली, बॉडीशी जोडणी फक्त विजेच्या संपर्कातून, यांत्रिक दांडे सगळे बंद. एफडीत माउंटपासून फिल्मपर्यंत 42 मिमी अंतर होते, ईएफमध्ये 44 मिमी. त्यामुळे मध्ये जादा भिंग न घालता जुनी लेन्स नव्या बॉडीवर लावली, तर दूरचा डोंगर कधीच स्पष्ट येत नाही. ज्यांचा सगळा संच एफडीचा होता, त्यांना हा विश्वासघात वाटला. प्रतिस्पर्धी निकॉनने 1959चाच माउंट ठेवला, तिच्या निष्ठेचे गोडवे अजून गायले जातात. पण 2006च्या तिच्या स्वस्त डी40 बॉडीत फोकसची मोटरच नव्हती आणि बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या ऑटोफोकस लेन्स तिथे हाताने फिरवाव्या लागल्या. म्हणजे जुन्याशी नाते दोघांनीही तोडले, एकाने एका घावात, दुसऱ्याने थोडेथोडे करून. मला पहिलीच रीत प्रामाणिक वाटते.

निराधार झालेल्या एफडी लेन्स स्वस्त झाल्या आणि पडून राहिल्या. 2008मध्ये पहिला मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, आला. आरसा गेला, माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर 20 मिमीच्या आसपास उतरले, आणि जुनी लेन्स जोडायला उरलेल्या जागेत एक पोकळ नळी पुरू लागली. ना मोटर, ना भिंग. 2013मध्ये फुल फ्रेम, म्हणजे 35 मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा, मिररलेस आल्यावर जुन्या लेन्सचे पूर्ण चित्र मिळू लागले. एफडी, सोव्हिएत हेलिओस, आटे फिरवून बसवायच्या एम42, सगळ्या एकाच बॉडीवर. प्रत्येक खरेदी लहान, म्हणून कपाट भरल्याचे लक्षातही येत नाही.

त्यात मोबाइलने बाजार पालटला. 2010मध्ये जगभर 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, 2020मध्ये 1 कोटीही नाहीत. बॉडी महाग होत गेल्या, आणि ज्यांनी छंद सोडला त्यांच्या लेन्स जुन्या बाजारात आल्या.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या लेन्सला फंगस धरते. हवा आणि उजेड लागणारी, हाताळली जाणारी लेन्स सहसा वाचते. म्हणून जमवणारे 40 ते 50 टक्के आर्द्रतेचे ड्राय कॅबिनेट घेतात. फोर्टच्या बोरा बाजारात जुनी लेन्स घेताना जाणकार आधी टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का, ते पाहतात.