शहाबादीवरची कोलांटी

सोलापुरात जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा ठरली की पहिला प्रश्न येतो, "हॉल कुठला मिळतोय?" दुसरा, "खुर्च्या किती बसतील?" खाली फरशी कसली आहे हे बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी, टेम्पोतून गाद्या उतरवताना कळतं. आणि जुन्या इमारतीत ती शहाबादीच निघते. शहाबाद इथून फार लांब नाही, कलबुर्गीच्या पुढे वाडीच्या रेल्वेमार्गावर. त्यामुळे शाळा, वाडे, चाळी, सगळ्यांच्या पायाखाली तोच करडा दगड. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर गेला की दुपारी त्यावर उघड्या पाठीने पडण्यासारखं सुख नाही. पण हवेतून त्यावर पडायचं म्हणजे वेगळी गोष्ट.

मी शिकलो तो त्याच दगडावर. शाळेच्या लांबट खोलीत खाली सतरंज्या, वर काथ्याच्या गाद्या. कॅनव्हासची खोळ, आत नारळाचा काथ्या. नवी असताना गादी फुगीर असते, दोन-तीन वर्षांत मधोमध दबून दगड होते आणि उसवलेल्या शिवणीतून काथ्या कोपराला टोचत राहतो. खरा धोका मात्र दोन गाद्यांमधल्या फटीत. चौथा-पाचवा पोरगा उडी मारून जाईपर्यंत गाद्या सरकलेल्या असत, सर पायाने त्या परत जुळवत. एकदा जुळवायच्या राहिल्या, माझी टाच नेमकी फटीत गेली आणि पुढचे तीन आठवडे मी लंगडत शाळेला गेलो. घरी कुणी फरशीला दोष दिला नाही. "नीट उडी मारायची की बे," एवढंच ऐकलं.

खरं तर पडायची जागा आधी तयार करायची, ही अक्कल आपल्याकडे जुनी. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं आज मंडळांमुळे आणि मिरवणुकांमुळे जास्त ऐकू येतात, पण तालीम म्हटली की हौदा आलाच. तांबडी माती चाळायची, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवायची आणि कसरतीआधी उकरून भुसभुशीत करायची. पैलवानाची पाठ आपटणारच, हे धरून केलेली ही जमीन. मल्लखांबाचंही तसंच. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते. पुढे १९१४ साली अमरावतीत सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळ परदेशात नेले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने प्रात्यक्षिकं दाखवली. मल्लखांब जमिनीत रोवायचा असतो, म्हणून त्याच्या जागेचा विचार मातीपासूनच सुरू होतो.

मातीचा गुण असा की ती मार गिळते. दोष असा की घेतलेलं काहीच परत देत नाही. कुस्तीला ते चालतं, पण जिम्नॅस्टिक्समध्ये पायाखालच्या जमिनीने उडीला हातभार लावायचा असतो. मऊ हवं आणि उसळतंही हवं, या दोन मागण्या एकाच फ्लोअरमध्ये बसवायला युरोपालाही पाऊणशे वर्षं लागली.

तिकडे हा खेळ उघड्यावरच वाढला. आंतरराष्ट्रीय संघटनेचं मूळ १८८१चं, बेल्जियममधलं. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये हे सामने उघड्या स्टेडियममध्ये झाले. १९३२ला लॉस एंजेलिसमध्येही तेच. फ्लोअर एक्सरसाइजला, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींना, पुरुषांसाठी स्वतंत्र पदक मिळालं ते त्याच वर्षी. १९३६ला बर्लिनमध्ये उघडं नाट्यगृह. मग १९४८चं लंडन. सामने वेम्ब्लीच्या मैदानावर ठरले होते, पावसाने सगळा बेत धुतला आणि साधनं उचलून एम्प्रेस हॉलमध्ये न्यावी लागली. ऐन वेळी हॉल बदलायची वेळ आली की मला हे हटकून आठवतं. पुढे सामने छताखाली स्थिरावले, तरी १९६०ला रोममध्ये ते काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत भरवले गेले. देखणी जागा खेळाडूच्या टाचेपेक्षा आयोजकाला जास्त भावते, हा रोग जुनाच म्हणायचा.

महिलांच्या फ्लोअरला पदक १९५२च्या हेलसिंकीत आलं. तोवर आणि नंतरही बरीच वर्षं फ्लोअर म्हणजे लाकडी जमीन, त्यावर फेल्ट किंवा पातळ गादी. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून स्प्रिंगचा फ्लोअर रूढ होत गेला: तळाशी हजारभर छोट्या स्प्रिंगा, त्यावर प्लायवूडचे दोन आडवे-उभे थर, मग फोम, वर कार्पेट. खेळायचा चौकोन १२ मीटर बाय १२, कर्ण १७ मीटरांचा. टम्बलिंगच्या, म्हणजे सलग कोलांट्यांच्या, लांब ओळी या कर्णावरच मारतात. स्प्रिंगा आल्या आणि उड्या उंच झाल्या. उड्या उंच झाल्या म्हणून उतरताना बसणारा हिसकाही वाढला. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की स्प्रिंगच्या फ्लोअरवर बसवलेला कसरतींचा सेट सतरंजीवर करायला लावणं म्हणजे पोरांच्या घोट्यांशी जुगार.

आपल्या देशात जिम्नॅस्टिक्सची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली. १९६४च्या टोकियोनंतर भारताचा जिम्नॅस्ट ऑलिंपिकमध्ये दिसला तो थेट २०१६ला. रिओत व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीत, चौथी आलेली दीपा कर्माकर आगरताळ्याची. तिचं सुरुवातीचं शिक्षण जुन्या स्कूटरच्या भागांपासून बनवलेल्या व्हॉल्टिंगच्या साधनावर झालं. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मला ती ऐकताना आधी धडकी भरते.

आता सोलापूरचा हिशेब. पार्क स्टेडियम क्रिकेटचं, तिथे वर आभाळ. मग उरतात शाळांची सभागृहं, बॅडमिंटनचे हॉल आणि मंगल कार्यालयं. बॅडमिंटनचं कोर्ट ६.१ मीटर रुंद, १३.४ लांब. दोन कोर्टं शेजारी मांडली की कडेच्या पट्ट्यांसह फ्लोअर जेमतेम बसतो, छतही उंच मिळतं, बऱ्याचदा लाकडी जमीनही. पण व्हॉल्टच्या धावपट्टीला २५ मीटर लागतात, पुढे टेबल आणि उतरायच्या गाद्या. ती कुठे घालणार? एकदा आम्ही धावपट्टी दारातून व्हरांड्यात काढली. मुलं उन्हातून धावत यायची आणि आतल्या अंधारात टेबल शोधायची. पुन्हा तसं केलं नाही.

मंगल कार्यालयात जागा ऐसपैस, पण खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल आणि वर पंखे. रोमन रिंग्जचा, म्हणजे टांगलेल्या कड्यांचा, सांगाडा साडेपाच मीटरांच्या वर जातो. हॉरिझॉन्टल बार, म्हणजे आडवी दांडी, तारांनी जमिनीला ताणून बांधावा लागतो, आणि मालक टाइलला भोक पाडू देत नाही. त्याच्या जागी मीही दिलं नसतं. जमीन सपाट आहे ना, साधनं नेमक्या उंचीला लागलीत ना, हेही पाहावं लागतं. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये मुलींचा व्हॉल्टिंग हॉर्स (टेबलाच्या आधीचं व्हॉल्टचं साधन) पाच सेंटिमीटर खाली लागला होता आणि कसलेल्या खेळाडूही आपटल्या.

रिदमिकची, म्हणजे रिबन, हूप, बॉल घेऊन संगीतावर करायच्या जिम्नॅस्टिक्सची, तऱ्हा आणखी वेगळी. कार्पेट १३ बाय १३चं, छत किमान आठ मीटर, कारण हूप आणि बॉल वर जातात. आणि वारा नको. सोलापुरात हॉल म्हटला की कूलर आलाच, त्याच्या झोतात सहा मीटरांची रिबन कुठे जाईल याचा नेम नाही. कूलर बंद करा म्हटलं की पालक उठून उभे राहतात. आम्ही तोडगा काढला: रिबन चालू असताना कूलर बंद, गुण लिहिले जाईपर्यंत चालू. बटणापाशी एका शिपाईमामांना बसवलं. दुपारपर्यंत त्यांना रिबन संपल्याची खूण पंचांच्या आधी कळायला लागली होती.

राहिली तारीख. फ्लोअर पसरायला, जुळवायला, वर चालून फटी तपासायला एक पूर्ण दिवस हवा, म्हणजे हॉल किमान दोन दिवस. लग्नसराईत कोण देईल? म्हणून आम्ही पितृपंधरवडा धरतो. त्या पंधरा दिवसांत कार्यालयं ओस असतात, भाडं निम्म्यावर येतं आणि शालेय स्पर्धांचा हंगामही तोच. फक्त परतीचा पाऊस असतो. प्लायवूड भिंतीला टेकवून ठेवलं की ओल धरतं आणि फुगतं, म्हणून रात्री ताडपत्री घालून कुणीतरी तिथेच झोपतो. गेल्या खेपेला माझी पाळी होती.