वर्गातल्या बटणाची गोष्ट

प्राध्यापक पडद्यावर प्रश्न टाकतात, मुलं मोबाइलवर पर्याय निवडतात आणि कोणत्या उत्तराला किती मतं पडली ते लगेच दिसतं. विज्ञान आणि वैद्यकीय महाविद्यालयांत हे आता नवं राहिलेलं नाही. मुळात कल्पनाच जुनी आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी बाकांवर बटणं बसवून, तारा जोडून उत्तरं टिपायची सोय केली होती. मुलांना ती आवडली, पण त्यामुळे त्यांना विषय जास्त समजला असं काही दिसलं नाही. शिकवणं पूर्वीचंच राहिलं होतं.

खरं वळण आलं हार्वर्डमध्ये. एरिक माझुर तिथे १९८४पासून भौतिकशास्त्र शिकवत होते. पुढे डॉक्टर व्हायचं असलेली बरीच मुलं त्यांच्या वर्गात असत. ती अवघड गणितं सोडवत आणि सरांच्या शिकवण्यावर खूश असत. १९९०च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हेस्टेनिस यांचं संशोधन माझुर यांच्या वाचनात आलं. त्याचा सारांश असा, की मुलांना सूत्रं येतात, न्यूटनचे नियम मात्र कळलेले नसतात. आपली मुलं अशी नसणार, या खात्रीने त्यांनी तसलेच साधे प्रश्न वर्गाला घातले. अवजड ट्रक आणि छोटी मोटार एकमेकांवर आदळली, तर जास्त बल कोण कोणावर लावतं? (दोन्ही बलं सारखीच असतात.) तेव्हा वर्गातून विचारणा झाली: उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहायचं, की आम्हाला वाटतं तसं? शिक्षकाच्या काळजाला घरं पाडणारा इतका प्रामाणिक प्रश्न मला दुसरा माहीत नाही.

माझुर यांनी व्याख्यानाचे तुकडे केले. थोडं शिकवायचं, मग एक प्रश्न. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालून त्याला पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. नुकतंच समजलेल्या मुलाला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असतं, सरांना ते आठवत नाही. रेडिओवर चालणारे क्लिकर (उत्तराची बटणं असलेली हातातली छोटी उपकरणं) नंतर आले आणि या पद्धतीवर स्वार होऊन जगभर पोचले.

रिचर्ड हेक यांनी १९९८मध्ये ६,५४२ विद्यार्थ्यांचे भौतिकशास्त्राच्या चाचण्यांतले निकाल तपासले. सुरुवातीला जे येत नव्हतं, त्यातलं नुसत्या व्याख्यानांनी सरासरी २३ टक्के भरून निघालं, तर मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. पुढे २००८मध्ये नॅथॅनिएल लॅस्री यांनी एका वर्गाला क्लिकर दिले आणि दुसऱ्याला पुठ्ठ्याची कार्डं. शिकण्यात फरक पडला नाही!

आपल्याकडे २०१९च्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने व्याख्यानांना एक तृतीयांश वेळेची मर्यादा घातली, त्यामुळे हा इतिहास आता आपल्याही कामाचा. उपकरणं यायची वाट पाहायला नको. पर्याय 'अ'साठी एक बोट, 'ब'साठी दोन. हात छातीशी धरायचा, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही.