मुक्त सॉफ्टवेअर, डेस्कटॉपवरील : सांगली व सातारा जिल्हे

ज्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) वाचण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते, अशा सॉफ्टवेअरचा घर, दुकान वा कचेरीतील टेबलावरच्या संगणकावर होणारा वापर. सर्व्हरवर आणि अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्स (विंडोजप्रमाणे संगणक चालवणारी, पण मुक्त प्रणाली) केव्हाच स्थिरावला. डेस्कटॉपवर मात्र विंडोजपुढे त्याचा पाय टिकलेला नाही. सांगली-सातारा भागात ही कोंडी छापखाने, टायपिंग संस्था, अडत दुकाने आणि वजनकाटे येथे विशेष दिसते.

उगम व मतभेद : रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी संपूर्ण मुक्त प्रणाली उभारण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, लिनस तोरवाल्ड्स यांचे लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) १९९१ मधले. डेस्कटॉपवरील प्रवास कोठून मोजावा याबद्दल एकमत नाही. कंपायलर (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन) वा कर्नल सामान्य माणसाच्या हाती थेट पडत नसल्याने, खिडक्या, मेनू आणि फाइल व्यवस्था एकत्र देणाऱ्या केडीई (घोषणा १९९६, पहिली आवृत्ती १९९८) व ग्नोम (१९९७) यांपासून तो मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. केडीई ज्या क्यूटी लायब्ररीवर (खिडक्या-बटणे काढणाऱ्या तयार कोडवर) उभे होते ती तेव्हा मुक्त नव्हती, म्हणून ग्नोमचा घाट घातला गेला. २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आल्यावरही दोन्ही वाटा वेगळ्याच राहिल्या. या दुफळीलाच पीछेहाटीचे मूळ मानणारा एक पक्ष आहे, तर दुसरा नव्या संगणकात आधीच भरून येणाऱ्या विंडोजला. या दोन जिल्ह्यांपुरते पाहता जुन्या फाइलींत अडकलेला मराठी मजकूर आणि संगणकाला जोडलेली यंत्रे ही कारणे जास्त वजनाची ठरतात. फुकट मिळण्याचे आकर्षण येथे फारसे चालत नाही, कारण असेंबल केलेल्या पीसीवर विंडोजची विनापरवाना प्रतही गिऱ्हाइकाला फुकटच पडत आली आहे.

मजकुराची अडचण : लग्नपत्रिका, अहवाल, मतदार याद्या, स्मरणिका यांचे डीटीपी (संगणकावरची पानजुळणी) पेजमेकर व कोरलड्रॉ या प्रोग्रामांमध्ये आणि श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीटीटी योगेश अशा फाँटांत होत आले. या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात आणि प्रत्येक संचाची मांडणी निराळी असते. फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. लिबरऑफिस या मुक्त कार्यालयीन संचामध्ये कोरलड्रॉच्या फाइली २०१२ पासून उघडू लागल्या, पेजमेकरच्याही पुढे उघडू लागल्या. पण चौकट उघडली तरी आतला मजकूर युनिकोड (प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक देणारे प्रमाण) होत नाही.

तो युनिकोडमध्ये आणताना क्रम महत्त्वाचा. आधी क्ष, ज्ञ, त्र यांसारखे अनेक तुकड्यांचे नमुने बदलायचे, मगच लहान तुकडे. उलट केल्यास जोडाक्षरे फुटतात. त्यानंतर अर्धे अक्षर आणि उभी रेघ जोडून पूर्ण अक्षर करायचे. मग पहिली वेलांटी. जुन्या फाइलीत ‘मिरज’मधील वेलांटी ‘म’च्या आधी साठवलेली असते, ती मागे न्यावी लागते, ‘स्थिती’त मात्र ती अर्ध्या ‘स’वरून उडी मारून ‘थ’नंतर गेली पाहिजे, नाहीतर वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. शेवटी रफार. ‘कर्नाळ’ लिहिताना कोणी ‘न’नंतर लगेच रफार देतो, कोणी काना देऊन मग, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून रूपांतरकाने दोन्ही क्रम ओळखून ‘र्’ ‘न’च्या आधी आणायला हवा. यानंतरही एक वाचन डोळ्यांनी करावे लागते.

‘कऱ्हाड’ या नावाचा पेच याहून सूक्ष्म आहे. त्यातील ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : स्वतंत्र ‘ऱ’ (यू+०९३१) व हलन्त (पाय मोडण्याची खूण), किंवा साधा ‘र’, हलन्त व शून्य-रुंदी जोडक (न दिसणारे जोडचिन्ह). पहिला मार्ग प्रमाणात मुख्य आहे. दुसरा युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवला आहे. एकाच अक्षराची निरनिराळी लेखने एकरूप करणारी युनिकोडची सामान्यीकरण प्रक्रिया हे दोन्ही एक करीत नाही. त्यामुळे एका संगणकावर टाइप केलेले ‘कऱ्हाड’ दुसऱ्यावरच्या यादीत शोधूनही सापडत नाही, आणि ‘कराड’ हे रूप निराळेच. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळमांडणीवर ‘ऱ’ शिफ्ट आणि जे या कळांवर आहे. त्यापुढे डी (हलन्त) व यू (ह). सर्वांनी हीच रीत पाळावी हे योग्य. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत मिळाला. जुन्या फाइलींत तो ‘अ’ व चंद्र असा फुटलेला असतो.

पानजुळणीसाठी असलेल्या स्क्रायबसची कमतरता याहून खोल होती. त्यात देवनागरी जोडाक्षरे नीट जुळू लागली ती १.५.३ या चाचणी आवृत्तीपासून (२०१७), आणि स्थिर १.६ आवृत्ती आली २०२४ मध्ये. तोवर छापखान्यांनी पेजमेकर सोडला नाही याचा दोष त्यांना देता येत नाही.

टंकलेखन : लिपिक पदांसाठी मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची अट असल्याने उमेदवार यंत्राच्या जुन्या मांडणीवर बोटे बसवतात. लिनक्समध्ये आयबस या टंकन-साधनाबरोबर इनस्क्रिप्ट सहज मिळते. पण रेमिंग्टन या टंकयंत्राच्या मांडणीवर तयार झालेल्या हाताला ते परके. एमएस-सीआयटीचे शिक्षणही विंडोजवरच होत आले.

जोडयंत्रे : कॅनन एलबीपी२९०० हा दुकानोदुकानी दिसणारा प्रिंटर कॅप्ट या कंपनीच्या खाजगी संवादपद्धतीवर चालतो; त्याचा लिनक्स ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) जुन्या ३२-बिट लायब्ररी मागतो आणि प्रणाली अद्ययावत केली की बंद पडण्याचा संभव असतो. एचपी लेझरजेट १०२० चालू करताना दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारा प्रोग्राम) घेतो, त्यासाठी एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हर-संचाचे वेगळे प्लगिन लागते. वजनकाट्याचा दर्शक सिरियल केबलने आकडे पाठवतो. यूएसबी कन्व्हर्टर लावल्यावर वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात (सिरियल जोडणी वापरण्याची मुभा असलेल्या गटात) नसेल तर परवानगी नाकारली जाते; बॉड रेट (आकडे पाठवण्याचा वेग) चुकला तर आकड्यांऐवजी कचरा येतो. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २२.०४ आवृत्तीत सीएच३४० चिपचा कन्व्हर्टर दिसून लगेच नाहीसा होतो, कारण ब्रेल उपकरणांची बीआरएलटीटीवाय सेवा तो आपला समजून ताब्यात घेते. गरज नसल्यास ती काढून टाकावी. टॅली ही हिशेबाची प्रणाली विंडोजसाठीच बनते, आणि हळद-बेदाण्याच्या अडतीत हिशेब तिच्यावरच असतात.

प्रयत्न : सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने २००७ मध्ये बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली काढली, केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत धोरण जाहीर केले. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. जर्मनीतील म्यूनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवून २०१७ मध्ये माघार घेतली. केरळच्या शाळांत मात्र लिनक्स रुजले.

सद्यस्थिती : विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. त्यामुळे जुने पण धडधाकट संगणक मोकळे झाले आहेत. ४ जीबी रॅमवर एक्सएफसीई हा हलका लिनक्स डेस्कटॉप आणि एसएसडी टाकल्यास पत्रव्यवहार व इंटरनेटचे काम नीट चालते. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (संगणकात न बसवता) चालवून प्रिंटर, वाय-फाय आणि कन्व्हर्टर तपासावेत, डिजिटल सहीच्या टोकनची लिनक्स लायब्ररी मिळते का पाहावे, आणि टॅली वा वजनकाट्याचा संगणक शेवटी बदलावा. जुन्या फाइलींचे रूपांतर, ते फाँट बसवलेला संगणक चालू आहे तोवरच करून घ्यावे. मूळ पान समोर नसेल तर चूक पकडता येत नाही.